भाऊ, बरं आहे ना?

कपाशी हातची गेलेली, सोसायटीचं कर्ज थकलेलं, लेकीचं लग्न तोंडावर. विदर्भात अशी घरं थोडी नाहीत. पण आत्महत्येमागं एकटं कर्ज क्वचितच असतं. उदासपणा, दारू, घरातली धुसफूसही असते. आणि ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हटलं की माणूस बिचकतो.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं म्हणूनच स्थानिक माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. थोडं वाटेल, पण आधी शंभरातले पाचही येत नव्हते!

शेजारी पारावर यायचा थांबला, झोप उडाली, ‘माझ्यामागं पोरांकडं बघा’ म्हणू लागला, तर थट्टेवारी नेऊ नका. बांधावर शेजारी बसा आणि सरळ विचारा, ‘भाऊ, जीव द्यायचं मनात येतं का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी. उलट माणूस मोकळा होतो. ‘अमक्याचं बघ, कसा उभा राहिला’ हे मात्र मुळीच नको. ऐकून घ्या.

‘हो’ म्हणाला, तर एकटं सोडू नका. फवारणीची औषधं कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्या घरी. आशाताईंना कळवा, जिल्हा रुग्णालयात सोबत जा. ‘टेलिमानस’ या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतून. घरच्यांनी, मित्रांनी फोन केला तरी चालतो.