गोष्ट कवितेत सांगितली म्हणून ती बाद?



संमेलनाचं अध्यक्षपद एकदाच मिळतं, म्हणून आभार एका वाक्यात मानतो आणि मुद्द्यावर येतो. आपल्या जिल्ह्यात धुमसणारा वाद तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. मुक्तछंदात लिहिलेली कादंबरी स्पर्धेला पाठवली, की कवितेचे परीक्षक म्हणतात ही कादंबरी आहे आणि कादंबरीचे परीक्षक म्हणतात ही कविता आहे. पुस्तक दोन्ही दारांवरून परत येतं. माझं असंच परत आलं. बांधणीत त्याची दोन पानं वरच्या कडेला जोडलेली राहून गेली होती. पुस्तक घरी आलं तेव्हा ती पानं तशीच जोडलेली होती. न वाचता निकाल देणाऱ्यांना मी परीक्षक म्हणणार नाही, आजही नाही आणि पुढेही नाही.

त्यांच्यासमोर आज मी एक अमेरिकन पुस्तक ठेवतो. टोबी बार्लो यांची ‘शार्प टीथ’ ही पहिलीच कादंबरी २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तीनशेहून अधिक पानं, आणि सगळी मुक्तछंदात. स्थळ लॉस एंजेलिस. सुरुवातीला एक तरुण न्याहारीच्या टेबलाशी बसून वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींवर गोल करतो आहे, आणि कवी त्याचं गाणं गाऊ या म्हणतो. जुन्या महाकाव्यांत वीराला जो मान, तो इथे एका बेकाराला मिळतो. अँथनी नावाच्या या तरुणाला कुत्री पकडण्याची नोकरी लागते. तो जिच्या प्रेमात पडतो तिला पुस्तकभर नाव नाही, आणि ती मनाला येईल तेव्हा श्वापद होऊ शकते. ज्याच्या हातात फास, त्याच्याच घरात ती. सांगावं तर त्याला गमावणार, लपवावं तर रोज मरणार. सोबतीला अशाच रूप बदलणाऱ्यांच्या टोळ्यांची वैरं, रक्तपात, मागावर असलेला पोलीस, आणि लार्क नावाचा वकील. हा लार्क आपली टोळी उद्ध्वस्त झाल्यावर एका एकट्या बाईच्या घरी पाळीव कुत्रा होऊन दिवस काढतो.

“भुताखेतांच्या गोष्टींना साहित्य म्हणायचं का?” असं विचारणाऱ्यांनी कान देऊन ऐकावं. बार्लोंच्या माणसांना रूप बदलायला पौर्णिमा लागत नाही. चंद्रावर दोष ढकलण्याची सोय त्यांनी काढून घेतली आहे. जनावर व्हायचं की नाही, हे माणूस ठरवतो. याहून गंभीर नैतिक प्रश्न आपल्या किती सामाजिक कादंबऱ्यांनी विचारला आहे? आणि मुक्तछंद कशाला, याचं उत्तरही या विषयातच आहे. हाडं मोडली, केस उगवले, नखं वाढली, अशा वर्णनात गद्य पान खर्च करतं. मुक्तछंदात दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत माणसाचा कुत्रा होतो, आणि वाचकाच्या अंगावर काटा येतो.

आमच्याकडे काही ज्येष्ठ म्हणतात, मुक्तछंद म्हणजे तोडलेलं गद्य. ज्यांच्या गद्याला पहिल्या पानावरच धाप लागते, त्यांनी हे बोलू नये. कवी अनिलांची मुक्तछंदातली ‘भग्नमूर्ती’ १९४० साली आली. त्याच अनिलांना १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं. विक्रम सेठ यांनी ‘द गोल्डन गेट’ ही सॅन फ्रान्सिस्कोमधली कादंबरी अथपासून इतिपर्यंत पद्यात लिहिली. तिला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दिल्लीला जे कळलं ते आमच्या जिल्ह्याच्या निवड समितीला अजून कळायचं आहे!

बार्लो जाहिरात क्षेत्रातले, म्हणून नाक मुरडू नका. अरुण कोलटकरही त्याच धंद्यातले होते, आणि शब्द किती कमी लागतात हे त्यांच्याइतकं कोणाला कळलं होतं? २००४ साली आलेल्या त्यांच्या ‘काळा घोडा पोएम्स’ची सुरुवात एका गावठी कुत्र्यापासून होते. मुंबईच्या रस्त्यातल्या वाहतूक बेटावर पहाटे पडल्या पडल्या तो आपली वंशावळ सांगतो आणि ती थेट धर्मराजाच्या कुत्र्यापर्यंत नेऊन भिडवतो.

त्या कुत्र्याशी माझी ओळख लहानपणची. आमच्या वाड्यात चातुर्मासात श्रीधराचा ‘पांडवप्रताप’ लावत. वाचणाऱ्या काकू ओवी संपताना आवाज किंचित उचलत, आणि वाती वळणाऱ्या बायकांचे हात तिथे थांबत. पुढे काय झालं म्हणून रात्री झोप लागत नसे. महाप्रस्थानात धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकायला नकार देतो, तेव्हा आमच्या आजीने पदर डोळ्यांना लावलेला मी पाहिला आहे. त्याच सुमारास एका सकाळी पालिकेची कुत्र्यांची गाडी आली. तारेचा फास घेतलेला माणूस गल्लीत शिरला. आजीने दारातल्या काळ्या कुत्र्याला ओढून न्हाणीघरात कोंडलं आणि बाहेरून कडी घातली. सोवळ्यातली बाई, पण तिने क्षणभरही विचार केला नाही. पोथी ऐकून तिला धर्म कळला होता. तिला कोणी विचारलं नाही, बाई, तुम्ही ऐकलंत ते काव्य की कथा?

महाभारत सुरू होताच सरमा नावाच्या कुत्रीच्या निरपराध पिल्लाला जनमेजयाचे भाऊ बडवतात आणि ती शाप देते. शेवटाकडे धर्म स्वतः कुत्र्याच्या रूपात येतो. जनावर, प्रेम, भय आणि पद्य हे सगळं आपल्या घरचं आहे. भयकथाकार नारायण धारपांनी पिढ्यान्‌पिढ्यांना रात्री जागवलं, पण अखिल भारतीय संमेलनाच्या अध्यक्षाची खुर्ची त्यांना कधी मिळाली नाही. भयकथा एका कोपऱ्यात, कविता दुसऱ्या, प्रेमकथा बायकांच्या मासिकात, ही वाटणी आपणच केली. अमेरिकेत ‘शार्प टीथ’ला २००९ साली ॲलेक्स पुरस्कार मिळाला. मोठ्यांसाठी लिहिलेल्या पण तरुणांना धरून ठेवणाऱ्या पुस्तकांना तो ग्रंथपाल देतात. आपल्याकडे तरुण वाचत नाहीत म्हणून गळा काढतात, आणि तरुणांनी ज्यावर उडी घालावी ते पुस्तक दारातून हाकलतात.

या गावच्या ग्रंथालयाचे कार्यकर्ते या लढ्यात माझ्या पाठीशी उभे राहिले, त्यांचं ऋण मी जाहीर मानतो. त्यांनाच विनंती करतो: येत्या चातुर्मासात पोथीसारखी एक दीर्घकविता लावा. रोज थोडी, मोठ्याने, आणि रंगात आली की तिथेच थांबवा. दुसऱ्या दिवशी सतरंजी पुरत नाही की नाही ते बघू.

आता ठराव. पद्यात लिहिलेली कादंबरी कादंबरीच्या विभागात घ्यावी, परीक्षकांनी ती पूर्ण वाचावी, आणि नाकारल्यास कारण लेखी द्यावं. विरोध असेल त्यांनी इथे उभं राहून बोलावं, उद्या पत्रकं काढू नयेत. बाकीच्यांनी हात वर करावेत.