आपल्या हातचें देणें

बारशाच्या दिवशीं पाळण्याशेजारीं बाळंतविड्याचे कपडे मांडलेले असतात. त्यांत दुकानांतून आणलेलीं, घडी न मोडलेलीं झबलीं असतात, लोकरीचे मोजे असतात, आणि एखादी घरीं शिवलेली कुंचीही असते. त्या कुंचीची झालर एका बाजूला किंचित् आखूड पडलेली असते. गळ्याशीं बांधावयाचे बंद दोन निराळ्या कापडांचे असतात. तरीही जमलेल्या बायका एकीमागून एक ती कुंचीच हातांत घेऊन पाहतात आणि विचारतात, "ही कोणीं शिवली?" दुकानांतल्या झबल्याविषयीं हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. त्याच्याविषयीं विचारावयाचें एवढेंच, "केवढ्याला पडलें?" या दोन प्रश्नांमध्यें जें अंतर आहे, तेंच हातच्या देण्याचें मर्म होय.

महाराष्ट्रांत अशा देण्यांतली वडील वस्तु म्हणजे गोधडी. कित्येक गांवीं तिला वाकळ म्हणतात. वापरून विरलेलें नऊवारी लुगडें वरखालीं घ्यावयाचें, मध्यें जुन्या धोतरांचे व सदऱ्यांचे तुकडे पसरावयाचे, आणि धांवदोऱ्याच्या जवळजवळ ओळी घालीत सर्व थर एकजीव करावयाचे. अनेक वेळां धुतल्यामुळें कापडांतील खळ निघून गेलेली असते व सूत मऊ झालेलें असतें, म्हणून तान्ह्या मुलाच्या अंगाला तें टोंचत नाहीं. थरांमध्यें हवा कोंडून राहते, ती ऊब बाहेर जाऊं देत नाहीं. हें झालें शास्त्र. पण नातवाला कळूं लागलें म्हणजे तो एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारतो, "आजी, हा कोणाचा?" आजी सांगते, "हा तुझ्या आजोबांच्या बंडीचा; हा तुझ्या आत्याच्या परकराचा." जी वंशावळ पाठ करावयास मुलें कंटाळतात, ती त्यांना पांघरुणांत आपोआप मिळते. ऐकणाऱ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं अशी एखादी गोधडी अजून पेटींत असेल.

हा प्रघात महाराष्ट्रापुरताच नाहीं. कर्नाटकांतील उत्तर कन्नड जिल्ह्यांत सिद्दी समाज राहतो. त्याचे पूर्वज आफ्रिकेंतून आलेले. सिद्दी स्त्रियाही जुन्या कापडांची गोधडी शिवतात, तिला कवंद म्हणतात. तिच्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेलीं त्रिकोणी फुलें बसविल्यावांचून ती पुरी झाली असें त्या मानीत नाहींत. या फुलांनीं ऊब तिळभरही वाढत नाहीं. परंतु गरज भागल्यावरही हात थांबत नाहीं, कांहीं अधिक करूं पाहतो. करण्याचा आनंद म्हणतात तो हाच.

संक्रांतीच्या हलव्यांत हा आनंद आणखी स्पष्ट दिसतो. मंद आंचेवर परातींत तीळ किंवा खसखस घ्यावयाची, त्यावर चमचा चमचा साखरेचा पाक सोडावयाचा, बोटांनीं हलकेंच फिरवीत राहावयाचें, आणि पाक सुकला कीं पुन्हां सोडावयाचा. हवा थंड व कोरडी असली तर दाण्यावर काटा फुलतो. घाई केली तर नुसते साखरेचे गोळे हातीं येतात. मग ते दाणे ओवून नव्या सुनेसाठीं हार व बाजूबंद करावयाचे, बाळाच्या बोरन्हाणासाठीं मुकुट करावयाचा. कित्येक दिवस खपून केलेले हे दागिने मुलें दोन दिवसांत खाऊन टाकतात, आणि करणारी तें कौतुकानें पाहत असते. सोनाराचा दागिना टिकतो म्हणून मोलाचा. हा टिकत नाहीं, तरी आठवणींत तोच अधिक राहतो.

अशा देण्याची फेड कशी होते? शेजारणीनें पाठविलेला डबा रिकामा परत करूं नये, अशी जुन्या घरांतली रीत आहे. पण त्याच दिवशीं, तितक्याच मोलाची वस्तु परत गेली तर तो नुसता व्यवहार झाला. हातच्या देण्याची फेड उशिरां होते, निराळ्या रूपानें होते, आणि पुष्कळदां ती तिसऱ्याच घरीं पोंचते. त्यामुळें हिशेबांत नेहमीं कांहीं बाकी राहते. आणि बाकी राहते म्हणूनच येणेंजाणें राहतें.

असें एक देणें इतिहासांतही नोंदलें गेलें आहे. २० नोव्हेंबर १९४७ रोजीं इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह झाला. त्यांना जगभरांतून अमोल अहेर आले. ज्यांच्यापाशीं देण्यासारखी संपत्ति नव्हती त्या महात्मा गांधींनीं स्वतः कांतलेल्या सुताचें विणलेलें एक लहानसें वस्त्र धाडलें. त्यावर 'जय हिंद' हीं अक्षरें विणलेलीं होतीं. पुढें भारताचे पंतप्रधान लंडनला गेले, तेव्हां राणी झालेल्या त्याच एलिझाबेथनीं तें वस्त्र त्यांना मुद्दाम दाखविलें. रत्नें देणारे पुष्कळ होते. आपल्या आयुष्यांतले कांहीं तास कांतून देणारा विरळा.

मात्र या विषयाची दुसरी बाजू झांकून ठेवणें बरें नव्हे. लग्नांतलें रुखवत मूळचें मुलीच्या हुन्नराचें कौतुक. पुढें पुढें तें तिची परीक्षा होऊन बसलें. वरपक्षाच्या नजरेंत उणें दिसूं नये म्हणून रात्रीं जागून वस्तु होऊं लागल्या, आणि आज तर सजविलेलें रुखवत भाड्यानेंही मिळतें. जेथें सक्ति आली तेथें टाका पडतो, पण आनंद पडत नाहीं. शिवाय श्रम बाईचे आणि नांव घराचें, ही वांटणीही न्यायाची नव्हे. बाजारांतला शिंपी पुरुष असतो, मागावरही पुरुष विणतात. मग घरांत सुईदोरा समोर आला कीं त्याचींच बोटें कां आखडावीं? बापानें आपल्या मुलासाठीं दुपट्याची कड घालून पाहावी. टाके वांकडे पडतील. पडूं द्यावे.

यंत्राशीं कोणाचें वैर असण्याचें कारण नाहीं. स्वस्त व टिकाऊ कापड घरोघर पोंचलें तें यंत्रानेंच. पण वर्षांतून एक वस्तु, एका विशिष्ट माणसाला डोळ्यांपुढें ठेवून, आपल्या हातानें करावी आणि किंमत न सांगतां देऊन टाकावी, एवढी सवड कोणत्याही घराला काढतां येण्यासारखी आहे.

बारशांतली ती कुंची थोड्याच महिन्यांत बाळाला आंखूड होते. मग ती धुवून, घडी घालून, ज्या घरीं पुढचा पाळणा हालेल त्या घरीं जाते. तेथेंही बायका ती हातांत घेतात आणि विचारतात, "ही कोणीं शिवली?" आणि त्या घरीं जिला कोणीं पाहिलेंही नसेल, तिचें नांव घेतलें जातें.