पाठ पाहिली का?

मुलुंडकरांसमोर बोलायचं म्हणजे जरा धास्तीच वाटते. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना मी कधी ना कधी ‘जीभ दाखवा’ म्हटलेलं आहे, आणि आज जीभ माझी बाहेर आहे.

विषय आहे डॉक्टरांचं ऑनलाइन शिक्षण. डॉक्टर एकदा झाला की झाला, पुन्हा कशाला शिकायचं, असं काहींना वाटत असेल. तसं नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची आमची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते आणि त्यासाठी 30 क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. व्याख्यानं, परिषदा, कार्यशाळांना हजेरी लावून ते मिळतात. आम्ही नुसतं ‘पॉइंट’ म्हणतो. ‘किती झाले रे तुझे?’ हा प्रश्न नूतनीकरणाच्या वर्षी लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकू येतो.

पूर्वी या पॉइंटांसाठी रविवारी परळ किंवा शीव गाठावं लागे, आणि रविवार म्हणजे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. धडपडत पोचायचं, अंधारात स्लाइड बघायच्या, जेवण मात्र झकास असायचं. पण मला आठवतो तो एक जिना. तिथे एका ज्येष्ठ डॉक्टरांना गाठून मी माझ्या तरुण रोग्याचा वाढलेला रक्तदाब सांगत होतो. त्यांनी एवढंच विचारलं, ‘नाडी दोन्ही हातांची पाहिलीस?’ मी एकाच हाताची पाहिली होती. त्या दिवसाचं व्याख्यान कशावर होतं, आता आठवत नाही. नाडी मात्र तेव्हापासून दोन्ही हातांची पाहतो.

मग आला मार्च 2020. 25 मार्चला केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली, फोनवरून रोगी कसा आणि किती तपासायचा ते सांगितलं. ज्यांना असं काम करायचं आहे त्यांनी तीन वर्षांत ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण करावा, असंही त्यात होतं. आणि वेबिनारांचा पूर आला. सकाळी हृदय, दुपारी मूत्रपिंड, रात्री मधुमेह. एक कबुली देतो. एक अख्खं वेबिनार मी कॅमेरा बंद ठेवून मटार सोलत ऐकलं. ऐकलं म्हणजे आवाज चालू होता. प्रमाणपत्र रीतसर आलं. मटारही छान सोलले गेले होते.

पण त्याच पडद्याने आम्हाला तारलंही. मे 2021 आठवा, कोविडची दुसरी लाट. नेस्कोला, मुलुंडच्या जम्बो सेंटरला खाटा भरलेल्या आणि घरोघरी रोगी आमच्या भरवशावर. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि राज्याच्या कोविड टास्क फोर्सचे डॉ. संजय ओक, डॉ. शशांक जोशी, डॉ. राहुल पंडित आम्हा खाजगी डॉक्टरांशी ऑनलाइन बोलले. त्या दिवसांत आम्हाला मोठे सिद्धान्त नको होते. स्टेरॉइड कधी द्यायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कधी द्यायचं नाही, सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन किती उतरतो ते कसं पाहायचं, हे हवं होतं. उद्या सकाळी दवाखान्यात कोण येणार आहे ते डोळ्यांसमोर होतं, म्हणून कॅमेरा बंद असूनही कोणी मटार सोलत नव्हतं.

आपला रोगी डोळ्यांसमोर असला की डॉक्टर शिकतो, हे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत एका भारतीय डॉक्टरने आधीच ओळखलं होतं. डॉ. संजीव अरोरा अल्बुकर्कच्या विद्यापीठात यकृताचे तज्ज्ञ. त्यांच्याकडे हिपॅटायटिस सीच्या रोग्याला आठ-आठ महिने थांबावं लागे, शिवाय शेकडो मैलांचा प्रवास. 2003 मध्ये त्यांनी ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. गावोगावचे साधे डॉक्टर ठरल्या वेळी पडद्यावर जमायचे. तज्ज्ञ थोडंसं बोलायचे आणि मग प्रत्येक डॉक्टर आपला स्वतःचा रोगी मांडायचा. इतरांनी प्रश्न विचारायचे, उपचार त्या गावातल्या डॉक्टरनेच करायचे. 2011 मध्ये निकाल छापून आला. 407 रोग्यांपैकी विद्यापीठात उपचार घेतलेले 57.5 टक्के बरे झाले आणि गावच्या डॉक्टरांकडचे, तुरुंगातले धरून, 58.2 टक्के. फरक जवळजवळ नाहीच. आपल्याकडे टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने 2012 पासून उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडचे ऑनलाइन ट्यूमर बोर्ड याच वाटेने जातात. दूरच्या रुग्णालयाने केस मांडायची, चार तज्ज्ञांनी ती उलटीसुलटी करून बघायची.

विद्यार्थ्यांची गोष्ट मात्र वेगळी. एमबीबीएसची 2020 च्या प्रवेशाची तुकडी 1 फेब्रुवारी 2021 ला सुरू झाली, म्हणजे साथ अंगावर घेऊनच. त्या सुमाराची एक मुलगी इंटर्नशिप संपल्यावर माझ्याकडे बसायला आली. पाणथरी, म्हणजे प्लीहा, कशाकशाने वाढते, याची तिने वीस कारणं सांगितली. मी थांबवलं नसतं तर पंचवीस सांगितली असती. पण रोग्याच्या पोटावर हात ठेवला आणि बोटांनी नुसतं खुपसायला लागली. पाणथरी शोधायला जायचं नसतं. उजव्या कुशीपासून वर डावीकडे हळूहळू सरकायचं, दर श्वासाला बोटं थांबवायची. रोगी श्वास आत घेतो तेव्हा पाणथरीच खाली येऊन बोटाला टेकते. हे मी तोंडाने सांगितलं, तिने व्हिडिओतही पाहिलं होतं. शेवटी तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवली. चौथ्या श्वासाला ती दचकली. ‘सर, लागली!’ हे कोणत्या मोबाइलवर पाठवणार?

सिस्टर आणि पालिकेच्या आरोग्यसेविका यांच्याबद्दल एकच सांगतो. त्यांनाही मोबाइलवर धडे येतात. ते त्या कधी बघतात? ड्यूटीनंतर, लोकलमध्ये उभ्याने किंवा कुकर लावल्यावर. शिकण्याचा वेळ कामाच्या वेळात धरायला हवा, त्यांच्या झोपेतून कापायचा नाही.

आता माझं गाऱ्हाणं. पॉइंट हजेरीला मिळतात. ज्याने आपला चुकलेला रोगी चारचौघांत मांडला, त्याला ते आधी मिळायला हवेत.

आम्ही काही जण दर गुरुवारी रात्री साडेनऊला पडद्यावर असेच आपापले रोगी मांडत बसतो. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड. पॉइंट शून्य. रोग्याचं नाव पडद्यावर आणायचं नाही, हा एकच नियम. गेल्या महिन्यात एक तरुण डॉक्टर दवाखान्यातूनच जोडला गेला होता. पन्नाशीच्या बाई, दोन दिवस छातीत डावीकडे आग, ईसीजी ठीक. त्याने ईसीजी दाखवला, रक्ताचे अहवाल वाचले, सीटी करू का विचारलं. आमच्यातल्या एका डॉक्टर बाईंनी विचारलं, ‘पाठ पाहिली का?’

तो गप्प. मग म्हणाला, ‘त्या अजून बाहेरच बसल्यात.’ उठला. आम्ही आठ जण त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो. मागे पंखा फिरत होता. दोन मिनिटांनी तो परत आला आणि म्हणाला, ‘आहेत. चार फोड, एका ओळीत. नागीण.’