दूरध्वनी आणि न्यायासनाची अनुज्ञा

आपल्या देशात नागरिकाचे दूरध्वनीवरील संभाषण गुप्तपणे ऐकण्यास शासनाला न्यायाधीशाचे वॉरंट लागत नाही. गृहसचिवाचा हुकूम पुरतो, आणि त्या हुकमाची फेरतपासणीही सरकारी अधिकाऱ्यांचीच समिती करते, ही गोष्ट मला अत्यंत चिंताजनक वाटते. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाविरुद्धचे असे तीन हुकूम रद्द ठरवून ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास फर्मावले, कारण सार्वजनिक आणीबाणी वा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी कशाचाही तेथे संबंध नव्हता. तथापि २०२३ च्या दूरसंचार कायद्यातही न्यायालयाच्या पूर्वसंमतीची अट आलीच नाही. परळकरांनो, कायदा केंद्राचा असल्याने दक्षिण मुंबईच्या आपल्या खासदारांना स्वहस्ते पत्र लिहा आणि ही अट संसदेत मांडण्याची मागणी करा, असा माझा कळकळीचा आग्रह आहे.