कामगारांनो, विषाचे नाव विचारा!



आज मी आपणांपुढे एका कागदाविषयी चार शब्द बोलणार आहे. त्या कागदास सुरक्षा-माहितीपत्रक असे म्हणतात. कारखान्यात त्यास ‘सेफ्टी डेटा शीट’ म्हणतात. रसायन कोणते, ते शरीरास काय करते आणि अपघात घडल्यास प्रथम काय करावे, हे त्यात लिहिलेले असते.

आपल्या जिल्ह्यात तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्ग येथे गंधकाम्ल आणि वीज यांच्या साहाय्याने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तयार करण्याचा कारखानाही आहे. जवाहरनगरच्या आयुध कारखान्यात 24 जानेवारी 2025 रोजी झालेल्या स्फोटात किमान आठ कामगार प्राणास मुकले. स्फोटाचा आवाज साऱ्यांना ऐकू येतो. परंतु जे विष आवाज करीत नाही त्याचे काय? मँगनीजची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे शरीरात गेली तर मेंदूवर परिणाम होतो. हात कापू लागतात, चाल अडखळते, चेहरा ताठरतो. अशा माणसास घरचे लोक म्हातारपण आले म्हणतात, नाही तर बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपारे करतात. बाधा भुताची नव्हे, धुळीची आहे; आणि ते त्या कागदावर छापलेले असते!

हा कागद कोणाच्या मेहेरबानीने मिळालेला नाही. 1984 च्या डिसेंबरात भोपाळ येथे विषारी वायू सुटला, तेव्हा त्यावर उपाय कोणता, हे दवाखान्यांतील डॉक्टरांनाही कळेना. अज्ञानाची ती किंमत हजारो गरिबांनी प्राण देऊन मोजली. त्यानंतर 1987 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याची माहिती कामगारांस देण्याचे बंधन मालकावर आले. 1989 च्या घातक रसायनांच्या नियमांनी माहितीपत्रक ठेवणे आणि मागितल्यास दाखविणे आवश्यक केले. कारखाना कायद्याची जागा घेणारी 2020 ची संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. तिच्या 14 व्या कलमातही माहिती मागण्याचा हा हक्क कायम आहे.

आता हा कागद वाचावा कसा? संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीप्रमाणे त्याचे 16 भाग असतात. सगळे पाठ करण्याचे कारण नाही. दुसरा भाग धोका सांगतो, चौथा प्रथमोपचार, सातवा हाताळणी व साठवण, आठवा हातमोजे, चष्मा आणि मुखपट्टी, दहावा कशाशी संयोग होऊ देऊ नये ते. गंधकाम्लाचेच उदाहरण घ्या. ते पातळ करताना पाण्यात आम्ल हळूहळू घालावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये; ओतल्यास ते उसळून अंगावर येते. डोळ्यात गेल्यास तत्काळ भरपूर पाण्याने निदान 15 मिनिटे डोळा धुवावा आणि मग दवाखाना गाठावा. एवढे ठाऊक असणे आणि नसणे, यांत दृष्टी आणि अंधत्व यांचे अंतर आहे.

कागद इंग्रजीत असला तर तो मराठीत समजावून मागा. आपली शिकलेली मुलेमुली आहेत. त्यांच्याकडून तो मोठ्याने वाचून घ्या. एकट्याने विचारताना नोकरीची भीती वाटते, हे मी जाणतो. म्हणून सर्वांनी मिळून, सुरक्षा समितीच्या द्वारे विचारा. समाधान न झाल्यास निरीक्षकाकडे जा. ठेकेदाराच्या मजुरानेही मागे राहू नये. आम्ल त्याला सोडीत नाही.

भगिनींनो, आपणांसही सांगणे आहे. कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांत मिसळून धुऊ नका. ते झटकूही नका. कारखान्यातील रिकामा डबा पाण्यासाठी किंवा धान्यासाठी घरी आणू देऊ नका.

अक्षर शिकण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी अपार हाल सोसले. ते अक्षर जर आपल्याच श्वासाचे रक्षण करण्याच्या कामी आले नाही, तर त्याचा उपयोग काय? उद्या कामावर जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा: ‘आम्ही जे हाताळतो त्याचे नाव काय, आणि त्याचा कागद कोठे आहे?’