नव्या दिंडीचालकाला सांभाळून घ्या

(दिंडीच्या शतक महोत्सवात केलेले भाषण)



भोर-वेल्ह्याच्या डोंगरातून आलेले टाळकरी, माळकरी आणि डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या माझ्या मायबहिणींनो,

महाराज मंडळींनी परमार्थाचं सांगितलं. मला थोडं कारभाराचं बोलायचं आहे. आपली दिंडी ऊन-पावसानं कधी अडली नाही. अडखळली ती जुन्याच्या हातून नव्याच्या हाती कारभार जाताना.

त्यातली एक चूक माझी स्वतःची आहे. ती आज सगळ्यांसमोर सांगतो.

वय झालं म्हणून मी एका तरुणाला दिंडीचालक केलं. पोरगा गुणी. टाळ चांगला, चाली पाठ, बोलणं गोड. मला वाटलं, झालं काम. पण चांगला टाळकरी उद्यापासून आपोआप चांगला चालक होत नाही. काल ज्यांच्या शेजारी बसून चहा प्यायला, त्यांनाच आज 'तुमची भिशी राहिली आहे' म्हणायचं असतं. ते शिकावं लागतं, आणि मी काहीच शिकवलं नव्हतं. नारळ दिला, फेटा बांधला, आणि ट्रकची किल्ली मात्र माझ्याच कमरेला ठेवली.

लोणंदच्या मुक्कामी पाऊस आला. त्यानं ठरवलं, कोरड्या राहुट्या म्हातारी माणसं आणि बायकांना, तरण्यांनी ट्रकच्या ताडपत्रीखाली झोपायचं. निर्णय बरोबर होता. पण दोघेजण कुरकुरत माझ्याकडे आले आणि मी सगळ्यांदेखत तो फिरवला. त्यानंतर कुणी काहीही विचारलं की तो म्हणायचा, "बाबांना विचारा." त्या रात्री मी तापानं पडून होतो. टँकरवाल्याला कुणीच फोन केला नाही, कारण सगळे माझी वाट पाहत होते. सकाळी बायकांना अंघोळीला पाणी नाही! पोरगा वही घेऊन आला, माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "बाबा, पुढच्या वर्षी मला नुसता टाळ द्या."

मंडळी, ते ऐकून मला माझीच लाज वाटली.

आपल्याकडे वीणा कशी देतात? ती जमिनीवर ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. नाम मध्ये तुटत नाही. आणि एकदा दिली की देणारा तिची तार ओढत बसत नाही. मी कारभार दिला, पण तार धरूनच होतो.

त्याच दिवशी किल्ली त्याच्या हातात दिली, सगळ्यांसमोर त्याच्या पाया पडलो, आणि सांगितलं, "यापुढे विचारायचं ते यांना." रात्री दोघं बसलो. कोणत्या गावी कोणाची पंगत, पाणी कुठं मिळतं, जागेसाठी कुणाला भेटायचं, कोण उपाशी राहील पण मागणार नाही, हे सगळं त्याच्या वहीत उतरलं. इतकी वर्षं ते फक्त माझ्या डोक्यात होतं.

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. कारीचे कान्होजी जेधे मोठे देशमुख, वयानंही थोर. 1659 साली अफजलखान आला तेव्हा शिवाजीराजे तिशीच्या आतले. कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन राजगडाच्या राजामागे उभे राहिले, वतनावर पाणी सोडून. थोरानं धाकट्याच्या पाठीशी उभं राहणं हा आपल्या मावळाचा जुना धर्म आहे.

आणि हैबतबाबा आरफळकर! माउलींच्या सोहळ्याला त्यांनी शिस्त लावली, पण सगळं स्वतःच्या हातात ठेवलं नाही. घोडे अंकलीच्या शितोळे सरकारांचे. कामं वाटून दिली, म्हणून त्यांच्यामागेही सोहळा चालू राहिला.

म्हणून जुन्यांना माझं सांगणं. नवा चालक नेमायचा तर एक वारी आधीपासून त्याला हिशेबाला शेजारी बसवा. चुकला तर राहुटीत सांगा, पंगतीत नको. तुमच्याकडे कुणी तक्रार घेऊन आलं तर त्याला चालकाकडे पाठवा.

नव्यांना सांगणं एवढंच. समाज आरतीला चोपदारांनी दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजत राहतात. चोपदार त्यांच्यावर ओरडत नाहीत, चालत तिथं जातात आणि ऐकून घेतात. तुम्हीही तसंच करा. ज्याचा टाळ वाजतोय त्याच्याकडे आधी जा. अडलं तर विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. मित्राला नियम वेगळा लावू नका.

वाल्ह्याहून लोणंदला जाताना माउलींच्या पादुकांना नीरास्नान होतं. ते पाणी आपल्या भोरच्या डोंगरातलं. डोंगर ते अडवून बसला असता तर माउलींपर्यंत पोचलं असतं का? आपणही सोडायला शिकू.

तो पोरगा आज इथं बसला आहे. त्याच्याही केसात आता पांढरं दिसू लागलंय. तो आता कुणाला तरी शेजारी बसवून वही दाखवतोय. माझं काम झालं.

राम कृष्ण हरी!