ऑक्सिमीटरवर ९७, तरी श्वास पुरत नाही

आजचा विषय मायस्थेनिया ग्रॅव्हिस. नाव अवघड आहे, पण अमिताभ बच्चन यांना हा आजार झाल्याचं तुमच्या आईबाबांना कदाचित आठवत असेल. माझ्या ताईलाही तोच आहे, गेली सहा वर्षं.

यात होतं काय, तर मेंदूचा निरोप मज्जातंतूतून व्यवस्थित खाली येतो, पण स्नायूला तो नीट पोचत नाही. निरोप घेणाऱ्या जागेवर आपल्याच प्रतिकारशक्तीने हल्ला केलेला असतो. मग पापणी पडते, एकाचे दोन दिसतात, जेवताना जबडा दमतो. सकाळी माणूस ठीकठाक, संध्याकाळी गळालेला. आणि श्वास घेणं हेही शेवटी स्नायूंचंच काम ना? ते स्नायू दमले की खरी भीती.

कोविडपासून घरोघरी ऑक्सिमीटर आलंय. ९७ दिसलं की आपण निर्धास्त. इथे तो आकडा फसवतो. फुप्फुस बरं असतं, पण भाता ओढणारा हात थकलेला असतो. आधी कार्बन डायऑक्साइड साठतो, ऑक्सिजन बराच उशिरा घसरतो. एका रात्री ताईला कॅज्युअल्टीत नेलं, तर तिथल्या डॉक्टरांनी बोटाचा आकडा बघून ‘टेन्शन घेतलंय, घरी न्या’ म्हणून सांगितलं. ती आडवी होऊ शकत नव्हती, चार शब्दांनी थांबत होती, आवाज नाकात गेला होता. मी तिच्या न्यूरॉलॉजिस्टना फोन लावला आणि तो सरळ त्या डॉक्टरांच्या हातात दिला. पहाटे ती आयसीयूत, बायपॅपवर होती.

घरी आम्ही एक साधी गोष्ट करतो. मोठा श्वास घ्यायचा आणि त्याच एका श्वासात, सेकंदाला दोन या वेगाने, मोठ्याने आकडे मोजायचे. निरोगी माणूस पन्नासच्या आसपास जातो. ताई चांगल्या दिवशी ३८ पर्यंत जाते, तो आकडा माझ्या फोनमध्ये लिहिलेला आहे. वीसच्या खाली आली तर वाट बघायची नाही. अर्थात ही घरगुती खूण झाली. हॉस्पिटलमध्ये जोरात फुंकायला लावून नीट मोजतात, आणि ते किलोमागे २० मिलिलिटरच्या खाली, म्हणजे ५० किलोच्या माणसाला एक लिटरच्या खाली गेलं, की आयसीयूची तयारी करतात.

हे बहुतेक वेळा छातीच्या इन्फेक्शनने सुरू होतं. आणि इथेच आपली मेडिकलवाल्याला विचारून गोळी घ्यायची सवय नडते. अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक्सनी अशक्तपणा वाढू शकतो. शिरेतून दिलेल्या मॅग्नेशियमनेही. नेहमीची पायरिडोस्टिग्मिनची गोळी आपल्या मनाने वाढवणंही धोक्याचं. लाळ, कफ, जुलाब तर होतातच, जास्त झाली तर स्नायू उलट आणखी ढिले पडतात. (‘दीर्घ श्वास घे गं, बरं वाटेल’ म्हणणाऱ्या मावश्यांना मी आता फक्त हात जोडतो.)

उपचार आहेत. आयव्हीआयजी किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज. पहिलं आमच्या खिशाला परवडणारं नव्हतं, म्हणून दुसरं केलं, दिवसाआड असं पाच वेळा. लगेच जादू होत नाही, काही दिवस जातात, तोवर श्वासाचं काम मशीन करतं. ताई अकराव्या दिवशी घरी आली आणि पहिलं काय मागितलं, तर चहा-खारी.

तुमच्या घरात कुणाला हा आजार असेल तर आजच त्यांच्या फोनच्या इमर्जन्सी माहितीत आजाराचं नाव, चालू गोळ्या, टाळायची औषधं आणि न्यूरॉलॉजिस्टचा नंबर भरा. लॉक न उघडता दिसतं ते. आणि आडवं होता येत नाही, थुंकी गिळता येत नाही, खोकायला जोर नाही, असं काही दिसलं तर ऑक्सिमीटर शोधत बसू नका, १०८ लावा.